धुकेरीच्या पुठ्ठ्यावरचे चिन्ह

‘माय लिटल पोनी : फ्रेंडशिप इज मॅजिक’ या मालिकेच्या चाहत्यांमध्ये स्वतःचे पोनी-पात्र रचण्याची हौस मालिकेइतकीच जुनी आहे. अशा पात्राला सगळे ‘ओसी’ म्हणतात, म्हणजे ओरिजिनल कॅरेक्टर. ओसीचा रंग, आयाळ, शेपटी, पंख की शिंग हे सारे बहुतेक वेळा एका बैठकीत ठरते, आणि मग क्युटी मार्कपाशी, म्हणजे पोनीच्या पुठ्ठ्यावर (मागच्या मांडीच्या वरच्या भागावर) असणाऱ्या तिच्या खास चिन्हापाशी येऊन घोडे पेंड खाते. (पोनींबद्दल लिहिताना हा वाक्प्रचार टाळणे मला तरी जमत नाही.) माझ्या धुकेरी नावाच्या पात्राचे चिन्ह नुकतेच पुरे झाले, तेव्हा ते कसे ठरत गेले आणि ते ठरवताना मालिकेतल्याच चिन्हांकडे मला नव्याने का पाहावे लागले, हे सविस्तर लिहून ठेवते.

मालिका न पाहिलेल्यांसाठी थोडी पार्श्वभूमी सांगायला हवी. हॅस्ब्रो कंपनीच्या पोनी खेळण्यांच्या पुठ्ठ्यांवर 1980च्या दशकापासूनच फुले, तारे, फुलपाखरे अशी छोटी चित्रे छापलेली असत. तेव्हा त्यांचे काम एवढेच होते की एकाच साच्यातून निघालेली खेळणी मुलांना वेगवेगळी ओळखता यावीत. लॉरेन फाउस्ट यांनी घडवलेली मालिका 10 ऑक्टोबर 2010 रोजी सुरू झाली आणि 2019पर्यंत तिचे नऊ सीझन झाले. या मालिकेने त्या चित्रांना कथेत जागा दिली. पोनी जन्मते तेव्हा तिचा पुठ्ठा कोरा असतो. आपल्यात काय खास आहे हे तिला स्वतःला उमगते, त्या क्षणी चिन्ह उमटते. ज्यांच्या पुठ्ठ्यावर ते उमटलेले नाही अशा तीन छोट्या पोनींची धडपड पहिल्या सीझनपासून चालते आणि त्यांची चिन्हे उमटायला पाचवा सीझन, म्हणजे 2015 साल उजाडावे लागते. इतका काळ प्रेक्षकांना ज्याची वाट पाहायला लावली, ते चिन्ह ओसीच्या अंगावर घाईघाईने चिकटवलेले दिसले की डोळ्याला खटकते.

चाहत्यांची चित्रे पुष्कळदा ‘बेस’वर काढलेली असतात, म्हणजे कोणीतरी तयार करून ठेवलेल्या शरीराच्या बाह्यरेषेवर रंग आणि केस आपले. त्यामुळे शेकडो पात्रांचे शरीर अगदी एकसारखे असते आणि ओळख पटवण्याचा बराचसा भार त्या छोट्या चित्रावर येतो. ही अडचण काही कार्टूनवाल्यांनी जन्माला घातलेली नाही. जैन तीर्थंकरांच्या मूर्ती मुद्रेने आणि आसनाने एकमेकींशी इतक्या मिळत्याजुळत्या असतात की पीठावरचे लांछन, म्हणजे ओळखीचे चिन्ह पाहूनच त्या ओळखल्या जातात : बैल दिसला तर ऋषभनाथ, शंख दिसला तर नेमिनाथ, सिंह दिसला तर महावीर. महाभारताच्या युद्धात दूरवरून रथ ओळखायचा तो ध्वजावरून. भीष्मांच्या ध्वजावर ताडाचे झाड, अर्जुनाच्या ध्वजावर वानर. यातल्या वानराकडे मी पुन्हा पुन्हा परत येते. अर्जुन धनुर्धर होता, तरी त्याच्या ध्वजावर धनुष्य नाही. ध्वजावर त्याचा पेशा असता, तर तिथल्या निम्म्या योद्ध्यांचे ध्वज सारखेच झाले असते.

ओसीच्या चिन्हांमध्ये नेमके हेच होते. पात्र चित्रकार असेल तर ब्रश, गायिका असेल तर सुरावटीची खूण, स्वयंपाकी असेल तर टोपी. पेशाचे नाव काढले की जी वस्तू सर्वांना पहिल्यांदा सुचते, तीच पुठ्ठ्यावर जाऊन बसते. मालिकेच्या पार्श्वभूमीला वावरणाऱ्या पात्रांच्या बाबतीत निर्मात्यांनी स्वतःही हा सोपा मार्ग धरलेला आहे, आणि तिथे तो चालतो, कारण दोन सेकंद दिसणाऱ्या पात्राची ओळख तेवढ्या वेळातच पटायला हवी. त्यातही कधी कधी गंमत होते. ऑक्टेव्हिया ही चेलो वाजवणारी पोनी. तिच्या पुठ्ठ्यावर जांभळी ट्रेबल क्लेफ, म्हणजे पाश्चात्त्य स्वरलिपीतली उंच सुरांची खूण आहे, आणि चेलोचे संगीत मात्र मुख्यतः खालच्या सुरांच्या बास क्लेफमध्ये लिहितात. ‘संगीत’ म्हटल्यावर जे पहिले चित्र मनात आले ते उचलले गेले, ती नेमके कोणते वाद्य वाजवते इथवर कोणी गेले नाही, असा माझा कयास आहे.

मुख्य सहा पात्रांची चिन्हे मात्र वेगळ्या मार्गाने आलेली दिसतात. पहिल्या सीझनमध्ये एका भागात सहाही जणी आपापले चिन्ह कसे उमटले ते सांगतात. रॅरिटी कपडे शिवते, पण तिच्या पुठ्ठ्यावर सुई नाही, कात्रीही नाही. तीन निळी रत्ने आहेत. शाळेच्या नाटकाचे पोशाख मनासारखे होत नव्हते, तेव्हा तिच्या शिंगाने तिला ओढत नेऊन एका खडकापुढे उभे केले, तो खडक फुटला आणि आत रत्ने निघाली. ती पोशाखांवर चढवली तेव्हा चिन्ह उमटले. फ्लटरशायला प्राण्यांचे मन कळते, आणि चिन्ह आहे फुलपाखरांचे, कारण ती आकाशातून खाली कोसळत असताना फुलपाखरांच्या थव्याने तिला अलगद झेलले होते. ॲपलजॅकची सफरचंदे वरवर पाहता सरळ धंद्याची वाटतात. पण तिचेही चिन्ह बाग पिकवताना उमटलेले नाही. शहरात नातेवाइकांकडे राहायला गेलेली ती मुलगी आकाशातले इंद्रधनुष्य घराच्या दिशेला झुकलेले पाहून परत येते, तेव्हा ते उमटते. प्रत्येकीच्या चिन्हामागे एक प्रसंग आहे, आणि चिन्हातली वस्तू त्या प्रसंगातली आहे. पेशा त्यातून पुढे कधीतरी निघतो.

म्हणून धुकेरीच्या बाबतीत मी कागदावर आधी काहीच काढले नाही, प्रसंग लिहिला. ती डोंगराळ भागातली, पंख आणि शिंग दोन्ही नसलेली साधी पोनी आहे. धुक्यात वाट चुकलेल्यांना शोधून आणणे हे तिचे काम. लहानपणी तिचा भाऊ दाट धुक्यात हरवला. सगळे जण त्याच्या नावाने हाका मारत होते, घंटा बडवत होते, आणि त्या कल्लोळात त्याचा आवाज कोणालाच ऐकू येत नव्हता. हिने घंटा एकदाच वाजवली आणि मग सगळ्यांना गप्प बसवले. पलीकडून क्षीण प्रत्युत्तर आले, ते फक्त हिला ऐकू आले, आणि ती त्या रोखाने चालत गेली. हे लिहून झाल्यावर एक गोष्ट स्पष्ट झाली : धुकेरीचे कौशल्य घंटा वाजवण्यात नाही, घंटा थांबल्यानंतर ऐकण्यात आहे. प्रसंग लिहिण्याआधी मला विचारले असते, तर मी ‘घंटा’ म्हणून मोकळी झाले असते.

आता ऐकणे ही क्रिया चित्रात कशी दाखवायची? कान काढला तर तो पोनीच्या अंगावर दुसऱ्या कोणाचा तरी अवयव ठेवल्यासारखा विचित्र दिसतो. घंटेभोवती वर्तुळाचे तुकडे काढले की ध्वनी बाहेर जातो आहे असे सर्वांना कळते, कारण लाउडस्पीकरच्या आणि वायफायच्या खुणांनी ती भाषा आपल्या डोळ्यांना शिकवली आहे. मला उलटी दिशा हवी होती. कमानींचे केंद्र घंटेत न ठेवता घंटेपासून दूर, एका लहान ठिपक्यात ठेवले, की कमानींची फुगीर बाजू घंटेकडे येते आणि आवाज घंटेच्या दिशेने येतो आहे असे दिसू लागते. मोठी घंटा, लहान ठिपका आणि ठिपक्याकडून घंटेकडे सरकणाऱ्या कमानी एवढ्यात काम झाले. ठिपका म्हणजे हरवलेला भाऊ. हे सगळ्यांना कळलेच पाहिजे असा माझा आग्रह नाही. रॅरिटीची रत्ने पाहून तरी खडकाची गोष्ट कोणाला कळते? गोष्ट ऐकल्यावर चिन्ह तिच्याशी चपखल बसले म्हणजे पुरे.

घंटेच्या आकाराने मात्र बराच वेळ खाल्ला. वर निमुळती, खाली पसरट आणि मध्ये गोलाई असलेली घंटा काढली की पाहणाऱ्याला मोबाइलवरची नोटिफिकेशनची खूण आठवते. त्या आकाराचा तो अर्थ आता इतका पक्का झाला आहे की रंग बदलून किंवा घंटा तिरकी करूनही सुटका होत नाही. म्हणून गुरांच्या गळ्यात बांधतात तशी पत्र्याची, चपट्या बाजूंची, वरून अरुंद आणि खाली रुंद अशी घंटा घेतली. डोंगरातल्या गोष्टीला ती शोभतेही. या आकाराला एक खोड आहे : खालचा लोळा दिसला नाही तर ती घंटा न वाटता उपडी ठेवलेली बादली वाटते. तेव्हा खालच्या कडेखाली लोळ्याचा गोल अर्धा बाहेर डोकावेल असा ठेवला, आणि तो अगदी मध्यभागी ठेवला. लोळा एका बाजूला झुकवला असता तर घंटा वाजते आहे असा अर्थ झाला असता, आणि आपल्याला तर ती थांबल्यानंतरचा क्षण हवा आहे. वरची कडी जाड ठेवली. बारीक कडी लहान आकारात दिसतच नाही.

लहान आकाराची कसोटी मी फार कडक लावते. सुझन केअर यांनी 1984च्या मॅकिन्टॉशसाठी जी चित्रचिन्हे केली, त्यांतल्या कित्येकांना उभे 32 आणि आडवे 32 एवढेच चौकोन मिळालेले होते आणि रंग काळा-पांढरा. तरीही कोणती फाइल आणि कोणती कचऱ्याची टोपली यात कोणाचा गोंधळ होत नसे. क्युटी मार्कची परिस्थिती याहून फारशी वेगळी नाही. चित्रात पोनी पूर्ण उभी असेल, शेजारी आणखी दोघी असतील आणि ते चित्र मोबाइलवर पाहिले जात असेल, तर चिन्हाच्या वाट्याला नखाएवढीही जागा येत नाही. म्हणून मी चिन्ह 32 बाय 32 पिक्सेलपर्यंत लहान करून पाहते आणि तिथे जे वाचत नाही ते काढून टाकते. धुकेरीच्या तीन कमानी त्या आकारात एकमेकींत मिसळून पांढरा डाग झाल्या. दोन ठेवल्या आणि दोघींमधली मोकळी जागा कमानीच्या जाडीइतकीच ठेवली, तेव्हा त्या सुट्या दिसू लागल्या. घंटेवर पत्र्याचे जोड दाखवणारे खिळे काढले होते, तेही गेले.

रंगांच्या बाबतीत युरोपातल्या जुन्या कुलचिन्हशास्त्राचा, म्हणजे घराण्यांच्या ढालींवरच्या चिन्हांच्या शास्त्राचा, एक नियम अजून उपयोगी पडतो. ढालीवरचे रंग त्यांनी दोन गटांत विभागले होते : सोनेरी आणि रुपेरी, म्हणजे व्यवहारात पिवळा आणि पांढरा, हे ‘धातू’, तांबडा, निळा, हिरवा, काळा, जांभळा हे ‘रंग’. धातूवर धातू ठेवू नये आणि रंगावर रंग ठेवू नये. जेरुसलेमच्या राज्याने रुपेरी ढालीवर सोनेरी क्रूस मिरवून हा नियम मोडला, तो अपवाद म्हणूनच प्रसिद्ध आहे. नियमामागचे कारण साधे आहे : फिकटावर फिकट आणि गडदावर गडद लांबून उठून दिसत नाही. पोनींच्या दुनियेत तर शरीरेच फिक्या रंगांची असतात, त्यामुळे फिकट पिवळ्या अंगावर पांढरी फुले अशी चिन्हे भरपूर आढळतात आणि चित्र थोडे लहान केले की ती नाहीशी होतात. चित्र पूर्ण करड्या छटांत बदलून पाहिले की हा दोष ताबडतोब पकडता येतो.

धुक्याची पोनी म्हणून धुकेरी मला आधी फिक्या राखाडी रंगाची हवी होती. पण कमानी आणि ठिपका पांढरा हवा आणि घंटा पितळी पिवळी हवी, म्हणजे दोन्ही ‘धातू’, हे ठरल्यावर शरीराला गडद होणे भाग पडले. तिचा रंग आता संध्याकाळच्या धुक्यासारखा निळसर करडा आहे आणि फिकटपणा सगळा आयाळीत आणि शेपटीत गेला आहे. चिन्हाने शरीराचा रंग बदलावा हे अनेकांना उलटे वाटेल. माझ्या मते तसेच व्हायला हवे. शरीर हीच चिन्हाची पार्श्वभूमी आहे आणि ती आपल्याच हातात आहे, तर चिन्हाने तिच्याशी झगडत का बसावे? भोवती काळी बाह्यरेषा मात्र देऊ नये. मालिकेत शरीराची रेषासुद्धा काळी नसते, त्याच रंगाची गडद छटा असते. मग चिन्हाभोवतीची काळी रेघ स्टिकर चिकटवल्यासारखी दिसते.

मालिकेतल्या सहांपैकी चौघींची चिन्हे तिहेरी आहेत : तीन सफरचंदे, तीन फुगे, तीन रत्ने, तीन फुलपाखरे. तीन वस्तूंचा त्रिकोण पुठ्ठ्याच्या गोलाईत छान बसतो, हे खरे. पण ओसीच्या चिन्हात एकच वस्तू तीनदा आली की दुसरे काही सुचले नाही, अशी शंका मला येते. अर्थात प्रसंगातच तीन वस्तू असतील तर गोष्ट वेगळी.

चिन्ह शरीराच्या दोन्ही बाजूंना असते, ही गोष्ट सर्वांना माहीत असते आणि काढताना हमखास विसरली जाते. पात्राचे तोंड दुसरीकडे वळवायचे असेल तर डिजिटल चित्रात आपण सरळ सगळे चित्र आरशातल्यासारखे उलटवतो. अशा वेळी अक्षरे, आकडे, घड्याळाचा डायल, नकाशा, सुरांच्या खुणा हे सारे उलटे होऊन बसते. मग दर वेळी चिन्ह सुटे करून पुन्हा सुलट करण्याचे काम मागे लागते. संपूर्ण सममित आकार हा एक उपाय आहे, पण त्यामुळे दिशा दाखवता येत नाही. धुकेरीच्या चिन्हात दिशा तर महत्त्वाची. म्हणून ती डावी-उजवी न ठरवता पुढे-मागे अशी ठरवली. ठिपका नेहमी डोक्याच्या बाजूला आणि घंटा शेपटीच्या बाजूला. चित्र उलटवले तरी ठिपका पुढेच राहतो, आणि ती ज्या बाजूला चालते त्याच बाजूला हरवलेला असतो. शेपटी पुढे आली तर घंटेची मागची कड झाकली जाते, पण पत्र्याच्या घंटेचा उरलेला भाग ओळखू येतो; ठिपका तिकडे असता तर तो आधी झाकला गेला असता आणि चिन्हाचा अर्थच गेला असता.

काही आकार मुळातच टाळावेत असे आहेत. वैद्य-पोनी करणारे बहुतेक जण पांढऱ्यावर तांबडा क्रूस काढतात. ते चिन्ह 1864च्या जिनिव्हा करारापासून युद्धातल्या वैद्यकीय सेवेसाठी संरक्षित आहे आणि शांततेच्या काळातही त्याच्या वापरावर निर्बंध आहेत. दुसरा पर्याय म्हणून दोन सापांचा, पंख असलेला दंड निवडतात, तर तो हर्मीस या देवतेचा, म्हणजे दूतांचा आणि व्यापाराचा. वैद्यकाचा दंड अस्क्लेपिअसचा, एका सापाचा आणि बिनपंखांचा. निरोप पोहोचवणाऱ्या पेगॅससला, म्हणजे पंखवाल्या पोनीला, तो पंखांचा दंड झकास शोभेल. बरोबरीचे चिन्ह, म्हणजे दोन आडव्या समांतर रेघा, हेही मी कोणाला सुचवणार नाही. पाचव्या सीझनच्या सुरुवातीला एका गावातल्या सगळ्या पोनींची स्वतःची चिन्हे काढून घेऊन त्यांच्या जागी हीच खूण उमटवलेली दाखवली आहे, आणि मालिका पाहिलेल्या कोणालाही ती पाहून तेच गाव आठवेल.

दुसऱ्या चाहत्याच्या ओसीचे चिन्ह उचलू नये हे सांगण्याची गरज नसावी, तरी सांगते. योगायोगाने साम्य निघाले तर मात्र घाबरण्याचे कारण नाही, कारण तारे, पिसे आणि चंद्रकोरी सर्वांच्याच आहेत; तुमच्या चिन्हात तुमचा प्रसंग असेल तर मांडणीत फरक आपोआप पडलेला असतो.

चिन्ह पुरे झाले की नाही हे पाहण्यासाठी मी एक गोष्ट आवर्जून करते. कुलचिन्हांच्या परंपरेत ढालीचे अधिकृत रूप चित्रात नसून वर्णनात असे. ठरावीक शब्दांतले ते वर्णन वाचून कोणत्याही चित्रकाराने काढलेली ढाल ग्राह्य धरली जाई. तसे वर्णन दोन वाक्यांत करता येत नसेल तर चिन्हात काहीतरी जास्तीचे आहे. धुकेरीचे वर्णन असे : ‘मागे पितळी पिवळी, सरळ बाजूंची, खाली रुंद होणारी घंटा, जाड कडीची, लोळा मध्यभागी अर्धा दिसणारा. पुढे पांढरा ठिपका, त्याच्याभोवतीच्या दोन पांढऱ्या कमानी घंटेकडे फुगलेल्या.’ चित्र न दाखवता हे वर्णन एका मैत्रिणीला पाठवले. तिने जे काढून पाठवले त्यात घंटा माझ्यापेक्षा बुटकी होती, कमानी जरा जास्त जाड होत्या, पण चिन्ह तेच होते. तिची बुटकी घंटा 32 पिक्सेलमध्ये माझ्या घंटेपेक्षा चांगली दिसते, म्हणून तिच्या परवानगीने उंची तेवढी तिची घेतली आहे.

आता धुकेरीच्या रेफरन्स शीटवर, म्हणजे तिचे चित्र काढणाऱ्यांसाठीच्या नमुना-पानावर, उजव्या कोपऱ्यात चिन्ह सपाट, मोठ्या आकारात, शरीराच्याच रंगाच्या चौकोनात ठेवले आहे. त्याखाली तिन्ही रंगांचे कोड, वरचे दोन वाक्यांचे वर्णन आणि ‘ठिपका नेहमी डोक्याकडे’ ही सूचना आहे. मूळ फाइल व्हेक्टरमध्ये, म्हणजे कितीही लहान-मोठी केली तरी न बिघडणाऱ्या रूपात ठेवली आहे, आणि घंटा, लोळा, कमानी व ठिपका हे चार वेगळे लेयर ठेवले आहेत, म्हणजे कोणाला तिचे चित्र काढायचे असेल तर पुठ्ठ्याच्या गोलाईप्रमाणे कमानी तेवढ्या वाकवता येतील आणि घंटा सरळच राहील.